शुभेच्छुकांची रांग

"डॉक्टरांच्या खाली माझं नाव जाणार असेल, तर मला ती लिंकच नको," असं भर सभेत म्हणून खतवाले लोहारेशेठ उठून उभे राहिले. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर कुलथे. ते शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि मान खाली घालून मोबाइल बघत होते. मी लॅपटॉपवरून हात काढून घेतला. म्हटलं, आता यांचं आटोपेपर्यंत आपल्याला काम नाही.

सभा कळसगाव व्यापारी संघाची होती आणि ती अध्यक्ष राजाभाऊ पोफळे यांच्याच मंगल कार्यालयात, जेवणाच्या हॉलमध्ये चालली होती. विषय मी काढलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर गावानं सगळं माझ्याच नावावर खपवलं. राजाभाऊंच्या पुण्यातल्या मेहुण्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की प्रत्येक वेबसाइटला एक स्कोअर असतो. शंभरापैकी मार्क. दुसऱ्या किती साइटी तुमच्याकडं बोट दाखवतात, म्हणजे तुमची लिंक देतात, त्यावर तो ठरतो. लिंका जास्त, तर मार्क जास्त. मार्क जास्त, तर गुगलवर नाव वर. झालं. राजाभाऊंनी फतवा काढला, की गावात ज्याची ज्याची साइट आहे त्यानं बाकी सगळ्यांची लिंक आपल्या साइटच्या तळाशी टाकायची. आणि गावातल्या बहुतेक साइटी मीच केलेल्या असल्यामुळं ते काम माझ्या गळ्यात आलं.

आता आमच्या गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं माणसाची किंमत फ्लेक्सवर कळते. कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या पोराला एमबीबीएसला ॲडमिशन मिळो, चौकात फ्लेक्स लागतो. मधे उत्सवमूर्तीचा मोठा फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. कुणाचा चेहरा वरच्या रांगेत, कुणाचा खालच्या, कुणाचा गोल केवढा, यावरून इथं लग्नं मोडली आहेत. त्या लोकांना मी सांगितलं, की साइटच्या तळाशी नावांची रांग येणार. त्यांनी काय समजायचं ते समजलं. लोहारेशेठ दंतवैद्याच्या खाली जायला तयार नव्हते, साडीवाल्यांना पोफळ्यांच्या शेजारीच बसायचं होतं, आणि एकानं तर विचारलं, की फोटो टाकता येतो का. तोही रेबनचा गॉगल घातलेला.

मी राजाभाऊंना बाजूला घेऊन सांगून बघितलं. म्हटलं, भाऊ, हा स्कोअर गुगल देत नाही. तो बाहेरच्या एका कंपनीचा अंदाज आहे, गुगल त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. लिंकेला किंमत असते, खूप असते, पण ती कोण देतंय आणि कशासाठी देतंय यावर. दातांच्या दवाखान्यानं युरियाची शिफारस केली तर कोण ऐकणार? राजाभाऊ हसले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पोरी, शिफारस ती शिफारस. तू नावं टाक."

सगळ्यांत मागं, पाण्याच्या जारपाशी, अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, विश्वंभर टेकाळे. एवढा गोंधळ चालला होता तरी ते एकदाच बोलले. "माझं सगळ्यात खाली टाका," म्हणाले, "पण टाका." अण्णा असं कुणाकडं काही मागणाऱ्यातले नव्हते.

अण्णांचं काम बोअरमधून अडकलेल्या मोटारी काढायचं. बोअरचं भोक वीतभर रुंद, खोली शेकडो फूट, आणि त्यात पाइपाला लटकलेली मोटार. कधी दोर तुटतो, कधी गाळ बसतो, कधी केबलचा गोळा होऊन ती अशी काही फसते, की पाणी असून बोअर मेला. आणि हे नेमकं होतं उन्हाळ्यात, बाग जळत असताना. मग माणूस अण्णांना बोलवायचा. अण्णांची एक जीप होती, तिच्यावर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, कप्पी, आणि त्यांनी स्वतः भट्टीत वाकवून केलेले आकडे. कुठला आकडा कुठल्या मोटारीला, हे त्यांच्या हातात होतं. निघणार नाही म्हणून लोकांनी सोडून दिलेल्या मोटारी त्यांनी काढल्या होत्या.

पण आता अडलेला माणूस आधी मोबाइल काढतो. बोअरमध्ये मोटार अडकली, असं लिहितो, आणि पहिली तीन-चार नावं येतात त्यांना फोन लावतो. वर यायची ती मुंबईची एक भलीमोठी साइट. ती सुतारापासून सत्यनारायणाच्या भटजीपर्यंत सगळंच पुरवायची, तिचा स्कोअर आभाळाला टेकलेला, आणि बोअरचं पान लिहिणाऱ्यानं बोअर जन्मात बघितला नसावा. ते पान सांगायचं, दोर जोरात ओढून बघा. ओढला, की मोटार कायमची बसलीच म्हणून समजा. अण्णांची साइट मीच केलेली, चांगली केलेली, पण ती तिसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर जातो कोण? मी सुद्धा जात नाही.

दोन उन्हाळे असे गेले होते. तिसऱ्याच्या सुरुवातीला अण्णांनी घरात सांगून टाकलं, की अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघतो. तोवर फोन वाजायला लागला तर ठीक, नाहीतर जीप विकायची. गिऱ्हाईकही ठरलं होतं. बंटी म्हणून एक डीजेवाला होता, त्याला त्या तिकाटण्यावर स्पीकर चढवायचे होते. "बरं आहे," अण्णा म्हणाले, "आजवर गाडीनं माणसांना पाणी दिलं, आता नाचवील." आई उठून आत गेली. मला माहीत होतं, जीप गेली की अण्णा संपले. माणूस राहील, जेवील, टीव्ही बघील, पण अण्णा संपले.

म्हणून त्यांनी ती लिंक मागितली होती.

मी नावं टाकली. लोहारेशेठना वर घेतलं, डॉक्टर बिचारे खाली गेले. सगळ्यांच्या साइटींच्या तळाशी 'आमचे शुभेच्छुक' असा मथळा आणि खाली अख्खा बाजार. मथळा राजाभाऊंचा, मी 'आमचे स्नेही' सुचवलं होतं. पंधरवड्यात स्कोअर खरंच वाढला. अण्णांचा सहावरून एकोणिसावर गेला, राजाभाऊंच्या कार्यालयाचा तर विशीच्या पुढं. राजाभाऊंनी पेढे वाटले आणि चौकात फ्लेक्स लावला: कळसगावच्या वेबसाइटींनी मिळवलेल्या घवघवीत स्कोअरबद्दल हार्दिक अभिनंदन! खाली शुभेच्छुकांची रांग. मधे राजाभाऊ, हात जोडलेले. स्कोअरचा फ्लेक्स लागलेला अख्ख्या जगात आमचा एकच चौक असेल.

फोन मात्र वाजेना. अण्णा रोज सकाळी जीप पुसायचे, आकडे तेल लावून ठेवायचे, आणि फोन उशाशी घेऊन ओसरीत पडायचे. तिसऱ्या पानावरची साइट तिसऱ्याच पानावर होती, उलट दोन घरं खालीच सरकली होती. एके दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे मेडिकलच्या वरची खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, मार्क वाढले म्हणतेस, मग नंबर का येत नाही?

मी त्यांना सांगितलं, की लहानपणी शाळा बुडवायची असली, की मी थर्मामीटर गोधडीवर घासायचे. पारा चढायचा. ताप यायचा नाही. हे तसंच आहे. ते हसले नाहीत. मग मी म्हटलं, "अण्णा, ताईला स्थळ आलं तेव्हा तुम्ही चौकशी कुणाकडं केली? मुलाच्या मामाकडं?"

"मामा चांगलंच सांगणार."

"मग कुणाकडं केलीत?"

"त्याच्याबरोबर नोकरीला होता एक, त्याच्याकडं. त्याला त्याचं काही घेणंदेणं नव्हतं."

"गुगल पण तेच बघतं. हे सगळे तुमचे मामा आहेत. तुमच्या कामातलं कुणीतरी तुमच्याकडं बोट दाखवायला पाहिजे. ज्याला बोअर कळतो असं. आणि ज्याला त्यात स्वतःचा फायदा नाही असं." मी विचारलं, अशी कुणाची साइट आहे का या भागात?

अण्णा पंख्याकडं बघत राहिले. उत्तर आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. या कामातला साइट असलेला दुसरा माणूस पंचक्रोशीत एकच, हिंगणवाडीचे माणिकराव सोनटक्के. माझे माणिककाका. माझ्या शकूमावशीचे यजमान, म्हणजे अण्णांचे साडू. दोघांनी मिळूनच हा धंदा सुरू केला होता. साइटही पहिली जोडनावाचीच होती, टेकाळे-सोनटक्के, मी कॉलेजात असताना केलेली. मग ही जीप घेतली, आणि अण्णांच्या मित्रांनी हौसेनं चौकात फ्लेक्स लावला. मधे अण्णा आणि जीप. खाली रांगेत मित्र, सरपंच, गॅरेजवाला, जीपचा एजंटसुद्धा. माणिककाकांचा फोटो नव्हता. छापणाऱ्याकडून राहिला. काका चौकात आले, फ्लेक्सकडं बघितलं आणि म्हणाले, गाडीची दोन चाकं माझी, आणि माझं तोंड कुठं दिसत नाही. अण्णा म्हणाले, फ्लेक्स मी लावलेला नाही. ते खरं होतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. त्या संध्याकाळी काका आपले आकडे घेऊन गेले आणि हिंगणवाडीला वेगळा धंदा मांडला. अण्णांनी मला बोलावून सांगितलं, जोडनावाची साइट बंद कर, माझ्या एकट्याच्या नावाची काढ. मी केली. तेव्हापासून आई आणि मावशी फक्त लग्नाकार्यात भेटायच्या, त्याही मांडवाच्या मागं, चोरून भेटल्यासारख्या.

अण्णा उठले. दाराशी थांबून म्हणाले, "ती खालची नावं काढून टाक."

"अण्णा, राजाभाऊ राग धरून बसतील."

"बसू दे. ज्याचं नाव पाहिजे होतं त्याचं राहिलं, तेव्हा मी काही बोललो नाही. आता ही सगळी कशाला मिरवायची?" एवढ्या वर्षांत त्या फ्लेक्सबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले होते. पुढं काही विचारायच्या आत जिना उतरून गेले.

मी अण्णांच्या साइटवरची नावं काढली, आणि बाकीच्यांच्या तळाचं अण्णांचंही. फ्लेक्सवरचा चेहरा फाडल्यासारखंच झालं ते. राजाभाऊ माझ्या ऑफिसात येऊन बसले, पाणी प्यायले नाहीत. लोहारेशेठनी अण्णांचा रामराम घेणं सोडलं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून अण्णांना काढलं, आणि गंमत अशी, की ते अण्णांना कळलंच नाही, कारण त्यांनी तो ग्रुप कधी उघडलेलाच नव्हता. स्कोअर परत सातावर आला. गावात म्हणायला लागले, टेकाळ्याच्या पोरीनं बापाच्या पायावर धोंडा पाडला.

तेव्हा मला राग यायचा, आणि राग आला की मी साफसफाई काढते. घर झाडण्यासारखं ऑफिसही झाडते. तसं अण्णांच्या साइटचं एकेक पान काढून मी बघायला बसले. मुंबईच्या साइटवरचं ते दोर ओढण्याचं वाचून माझं डोकं उठायचं, म्हणून अण्णांना समोर बसवून त्यांच्याच तोंडून एक पान लिहून घेतलं: मोटार अडकली तर पहिल्यांदा काय करू नये. मग साइटींची नावं विकत घेऊन ठेवते त्या खात्यात काय काय पडून आहे ते बघताना ती जोडनावाची जुनी साइट दिसली. बंद होती, पण तिच्या नावाचं दरवर्षी बाकीच्यांबरोबर आपोआप नूतनीकरण होत गेलं होतं. तिथं कुणी गेलं, तर नुसतं पांढरं पान दिसायचं. आमच्या धंद्यात अशा जुन्या पत्त्यावर एक पाटी लावतात. म्हणजे तिथं कुणी आला, की त्याला आपोआप नव्या पत्त्यावर आणून सोडायचं. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं आणि विसरले.

काही दिवसांनी, अक्षय तृतीया आठवड्यावर आली असताना, सकाळी सकाळी अण्णांचा फोन वाजला. मोसंबीवाला होता, आमच्या तालुक्यातला नव्हे, पलीकडचा. अण्णा जीप काढून गेले आणि दुपारी हसत परत आले. दुसऱ्या दिवशी परत फोन. मी घाईनं सर्च करून बघितलं. अण्णांची साइट पहिल्या पानावर होती, मधे कुठंतरी. मुंबईची साइट होती तिथंच होती, अगदी वर. पण अण्णा पहिल्या पानावर होते.

स्कोअर बघितला. आठ. साताचा आठ. त्या आठाला काही अर्थ नव्हता. मग मी अण्णांच्या साइटकडं कोण कोण बोट दाखवतंय ती यादी उघडली. जोडनावाची साइट चालू असताना लोकांनी तिच्या लिंका दिल्या होत्या, त्या सगळ्या आता त्या पाटीमुळं अण्णांच्या दारात आल्या होत्या. जिल्ह्यातल्या एका पाइपवाल्याचं पान. एका शेती कॉलेजचं उन्हाळ्यातल्या पाण्यावरचं टिपण. द्राक्षवाल्यांच्या एका गटाचं. थोडीच होती, पण सगळी पाण्यातली माणसं. आणि त्यांच्यात एक साइट होती, जिचा स्कोअर दोन. जवळजवळ नसल्यातच जमा. मी ती उघडली आणि खुर्चीत मागं टेकले. मग अण्णांना फोन करून म्हटलं, असाल तसे या.

अण्णा आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. माणिककाकांची साइट होती, त्यांच्या जावयानं करून दिलेली, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, बघवत नव्हती. वर काकांची कामं. आणि शेवटी चार ओळी होत्या, त्या अण्णांनी ओठ हलवत वाचल्या.

"फार खोल गेलेली मोटार, किंवा केबलचा गोळा झालेली मोटार आमच्याकडून निघत नाही. उगीच आमच्या नादाला लागून बोअर घालवू नये. कळसगावचे विश्वंभर टेकाळे यांना बोलवावे. त्यांच्या हातचा आकडा दुसऱ्या कुणाला जमत नाही. पत्ता इथे."

'इथे'वर बोट ठेवलं, की आमची जुनी साइट.

"हे कधी लिहिलं?" अण्णांनी विचारलं.

पानावर तारीख होती. मी दाखवली. फ्लेक्सच्या भांडणानंतरचा महिना होता तो.

अण्णांनी परत वाचलं. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून बसले. त्यांचे डोळे भरले होते. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. इतकी वर्षं काका त्यांचं नाव घेत होते आणि ते नाव आम्हीच बंद केलेल्या दारावर जाऊन पडत होतं.

"चल," अण्णा म्हणाले.

हिंगणवाडीला जीप दारात थांबली तेव्हा शकूमावशी अंगणात वाळवण घालत होती. तिनं जीप ओळखली आणि हातातली कुरडई तशीच सोडली. काका आतून बाहेर आले, ओट्यावरच उभे राहिले. या म्हणाले नाहीत. अण्णाही खाली उतरून जीपपाशीच उभे. म्हटलं, आता हे दोघं असेच उभे राहून म्हातारे होणार.

शेवटी काकाच बोलले, तेही माझ्याकडं बघत. "वृषाली, तुझ्या बापाला विचार, आज कशी आठवण आली. मी इतकी माणसं धाडली याच्याकडं. ज्या ज्या मोटारीला हात टेकले, तिथं तिथं सांगितलं, साइटवर पत्ता आहे, टेकाळ्यांना बोलवा. एक फोन नाही. पोहोचलं म्हणून सुद्धा नाही."

"काका, एकही माणूस पोहोचला नाही," मी म्हटलं. आणि जुना पत्ता, पांढरं पान, सगळं सांगितलं. काकांना साइटीतलं फार कळत नव्हतं, पण पत्ता मोडला होता एवढं कळलं. ते ओट्यावर बसले. म्हणजे माणसं मिळूनही अण्णांनी फोन केला नाही, असा जो राग इतकी वर्षं धरला, तसं काही झालंच नव्हतं.

"नंबर का नाही लिहिला मग?" अण्णा पहिल्यांदा बोलले.

"तुझा नंबर माझ्या हातानं लिहिणार नव्हतो. पत्ता जावयानं टाकला, त्याला जुनाच ठाऊक होता. मी बघितलं नाही असं केलं."

"माझ्यावर एवढा राग होता, तर नाव तरी कशाला घेतलंस?"

"भांडण तुझ्याशी होतं," काका म्हणाले. "शेतकऱ्याच्या मोटारीनं माझं काय घोडं मारलं होतं?"

अण्णा जीप सोडून ओट्यापाशी आले. मग म्हणाले, "फ्लेक्स मी लावला नव्हता, माणिकराव. पण उतरवायला पाहिजे होता मी. त्याच दिवशी. चुकलं माझं."

मावशीनं पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला. कप खाली ठेवून काका म्हणाले, बाभळीच्या मळ्यात एक मोटार बसली आहे, तीन दिवस झाले झटतोय, केबलचा गोळा आहे. अण्णा उठले, जीपमधून त्यांनी तेल लावून ठेवलेला एक आकडा काढला, हातात तोलून बघितला आणि परत ठेवून दुसरा काढला. संध्याकाळच्या आत मोटार वर आली. दोर काकांनी धरला होता, आणि अण्णा सारखे ओरडत होते, हळू, माणिकराव, हळू. जुन्या दिवसांसारखंच.

पुढं लोकांनी मला विचारलं, नेमकं कशानं नाव वर आलं? पाइपवाल्यामुळं, कॉलेजमुळं, का काकांमुळं? का त्या मामांची रांग काढली म्हणून? अण्णांनी सांगितलेलं पान होतं म्हणून? छातीठोकपणे कुणालाच सांगता यायचं नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला एवढंच ठाऊक आहे, की एकोणीस मार्कांना फोन वाजला नाही, आणि आठ मार्कांना वाजला.

अक्षय तृतीयेला बंटी डीजेवाला सौदा पक्का करायला आला. त्याला नको म्हणून सांगायचंच सगळे विसरले होते. जीप दारात होती आणि गफूरभाई पेंटर दरवाज्यापाशी स्टूल टाकून बसले होते. आधीचं 'टेकाळे' तसंच ठेवून पुढं ते 'सोनटक्के' काढत होते. काका खुर्ची टाकून समोर, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ.

"अण्णा, विकायची गाडी कशाला रंगवताय?" बंटीनं विचारलं.

"विकायची असती तर दुसरं नाव घातलं असतं का?" अण्णा म्हणाले. बंटी बिचारा चहा पिऊन गेला.

"गफूरभाई, अक्षर बारीक काढू नका," काका म्हणाले. "पलीकडच्या नावाएवढं आलं पाहिजे."

"मोठं काढा," अण्णा म्हणाले. "माझ्यावर चढवा हवं तर."

साइटही मी परत जोडनावाची केली. तळाशी शुभेच्छुक नाहीत. लोहारेशेठ अजून रामराम घेत नाहीत. परवा काही कामानं मी काकांच्या त्या लाल-पिवळ्या साइटचा स्कोअर बघितला, तो अजून दोनच आहे. जेवताना मी काकांना तो सांगितला.

"कितीपैकी दोन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, शंभरापैकी.

"मग बरोबर आहे की," काका भाकरी मोडत म्हणाले, "आम्ही दोघंच तर आहोत."